थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला येऊन पाच आठवडे झाले, काय वाटलं होतं आणि काय निघालं

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून शेवटी धागाच काढते.

मी कोथरूडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात नऊ वर्षं एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवत होते, सगळी मोठी माणसं, कुणाला नोकरी बदलायचीय, कुणाला ऑनसाइट जायचंय. मेच्या सुरुवातीला इथे आले. गावाचं नाव नाखोन सावान, बँकॉकच्या उत्तरेला साधारण २४० किलोमीटर, सरकारी शाळा, आपल्या हिशोबाने सातवी ते नववी. इथे शाळा मेच्या मध्यावर सुरू होते.

नाखोन सावान म्हणजे 'नगर' आणि 'स्वर्ग', हे इथे आल्यावर कळलं. पिंग आणि नान या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे चाओ फ्राया होऊन बँकॉककडे जातात. पहिल्या रविवारी एकटीच तिथे जाऊन बसले होते. रोज संगम पुलावरून जाण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे दोन नद्या एकत्र येताना बघितल्या आणि घर इतकं आठवलं की रडूच आलं, आईला फोन केला तर इकडे साडेसहा आणि तिकडे पाच, ती चहा टाकत होती.

तर मुद्द्यावर येते. माझी सगळी तयारी इंग्रजीची होती. आपला उच्चार चालेल का, गोऱ्या शिक्षकांपुढे आपण कमी पडू का, कुणी व्याकरणात पकडलं तर, असल्या काळजीने मी निघायच्या आधी दोन महिने रात्री जागून काढले. पहिल्या तासासाठी ४२ स्लाइड्स बनवल्या होत्या, पुण्याचे फोटो, शनिवारवाडा, सिंहगड, माझी मांजर.

वर्गात ४६ मुलं. टीव्ही आहे पण त्याला जोडायची वायर नाही, वर चार पंखे घरघरतायत, बाजूच्या वर्गात मॉनिटर माइकवर काहीतरी वाचतोय. मी आत गेले तशी एक मुलगी ओरडली 'स्टँड अप प्लीज' आणि सगळे एकदम उभे राहून एका चालीत, 'गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचा'. अगदी आपल्या शाळेतलं 'नमस्ते बाऽऽई'. मी विचारलं हाऊ आर यू, तर पुन्हा एका चालीत 'आयॅम फाइन थँक्यू अँड यू'. मला वाटलं वा, येतंय की यांना. म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, काल काय केलंस, व्हॉट डिड यू डू यस्टरडे. शांतता. त्याने मान खाली घातली. शेजारच्याला विचारलं, त्यानेही घातली. मी जसजशी पुढे विचारत गेले तसतशा रांगेने माना खाली जात गेल्या आणि मला कळेना की मी बोलले काय चुकीचं.

मधल्या सुट्टीत माझ्याबरोबरच्या थाई बाईंनी समजावलं, त्या फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, चारचौघांत उत्तर चुकलं तर इथे मुलाला फार लागतं, आणि तू पाहुणी, तुझ्यासमोर चुकणं म्हणजे तुलाही अवघडल्यासारखं करणं. याला ते 'क्रेंग जाय' म्हणतात. आपल्याकडे भीड म्हणतो ना त्याच्या जवळचं आहे, पण त्यात समोरच्याची काळजीही आहे.

त्या रात्री मी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि आमच्या पाचवीच्या बाई आठवल्या. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आमची बॅच तेव्हा पुढे गेली होती, आम्हाला एबीसीडी पाचवीतच. त्या बाई काय करायच्या, आधी अख्ख्या वर्गाकडून म्हणून घ्यायच्या, मग खिडकीकडची रांग, मग दाराकडची, मग दोघा-दोघांनी, आणि एकट्याला उभं करायच्या ते सगळ्यात शेवटी, तोवर वाक्य तोंडात इतकं बसलेलं असायचं की चुकायची भीतीच नसायची. मी दुसऱ्या दिवशी डोळे झाकून तेच केलं आणि मान वर आली मुलांची. क्लासमध्ये नऊ वर्षं शिकवलेलं इथे फारसं कामाला आलं नाही हो, पाचवीतल्या बाईंचं आलं.

अजून बरंच आहे, विचारा, सुचेल तसं लिहिते. चौथ्या दिवशी घसा पूर्ण बसला तो अजून नीट नाही.

तात्यांचा_नातू

छान लिहिलंयस. पण पैशाचं सांग ना स्पष्ट. मी ऐकलं की भारतीय पासपोर्टला पगार कमी देतात, खरं का? आणि कागदपत्रं काय लागली?

रानजाई

खरं आहे. मला महिन्याला २४ हजार बाथ मिळतात, २०२५च्या हिशोबाने एक बाथ म्हणजे अडीच रुपयांच्या थोडा वर. माझ्याच शाळेत एक ब्रिटिश सर आहेत, त्यांना माझ्यापेक्षा बरंच जास्त आणि तास कमी. त्यांनी स्वतःच सांगितलं, त्यांनाही ते पटत नाही. फिलिपिन्सच्या तिघी आहेत त्या माझ्याच रांगेत, आणि खरं सांगू, मला इथे वर्ग सांभाळायला शिकवलं ते त्या तिघींनी. मला याचा राग येतो. मुलांना पासपोर्टशी काही देणंघेणं नसतं. पण इथलं भाडं आणि जेवण पुण्याच्या मानाने स्वस्त पडतंय, त्यामुळे थोडं शिल्लक राहतं.

कागद: पदवी, तिचं प्रमाणीकरण (माझ्या वेळी मुंबईच्या थाई वकिलातीचा शिक्कापण लागला), पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्स, आणि आपण 'नेटिव्ह' धरले जात नाही म्हणून टोइक ही इंग्रजीची परीक्षा, तिथे ६०० तरी मागतात. व्हिसा नॉन-इमिग्रंट बी, तो आधी ९० दिवसांचा मिळतो, मग इथे वर्क परमिट होऊन वाढतो. त्यानंतरही दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. शिक्षकांचा परवाना देणाऱ्या संस्थेचं नाव खुरुसपा. गुरुसभा! फॉर्मवर ते वाचून मी कारकुनाकडे बघून हसले, त्याला कळलं नाही का ते.

हडपसरचा_सुमित

रानजाईताई तू नीट मार्गाने गेलीस म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी व्हिएतनामला गेलो होतो, आणि हे इथे लिहितोय कारण अजून कुणी फसू नये. पुण्यातल्या एका एजंटने ८५ हजार घेतले, म्हणाला टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेलं की महिन्याभरात परमिट करून देतात, सगळे असंच करतात. मी गेलो. सेंटरवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी पाच-सहा वर्षांच्या पोरांचे वर्ग दिले, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार दिवसभर. परमिटचं विचारलं की पुढच्या आठवड्यात. तीन महिने पुढचा आठवडा. व्हिसा संपला की सीमेपर्यंत बस, शिक्का, परत. शेवटचा पगार दिलाच नाही, आणि तक्रार कुठे करणार, माझंच काम बेकायदेशीर होतं.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू, पोरं गोड होती. एक मुलगी मला रोज अर्धं केळं आणून द्यायची. मी एका मंगळवारी न सांगता निघालो आणि तिला काय वाटलं असेल हा विचार अजून जात नाही.

तेव्हा ज्याला जायचंय त्याने कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. कितीही गोड बोलू दे समोरचा.

कर्वेरस्त्याच्या_बाई

रानजाई, बाळ, तुझं वाचून मला माझे दिवस आठवले म्हणून लिहितेय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं १९८२ साली इथिओपियाला गेलो, जिम्मा गावी, कॉफीचा मुलूख. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडे जात, गणित-विज्ञानाचे जास्त, मी इंग्रजीची. मला वाटलेलं मुलांना इंग्रजीचा गंध नसेल. तर तिथे माध्यमिक शाळेत शिकवणंच इंग्रजीतून! आणि माझ्या आधीचे सर केरळचे होते, त्यामुळे वर्गातल्या सत्तर मुलांचं इंग्रजी अगदी त्यांच्या वळणाचं. माझं पुणेरी इंग्रजी ऐकून पहिले आठ दिवस मुलं एकमेकांकडे बघायची, बाई नक्की भारतातल्याच का म्हणून.

पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी सांगितलं, उद्या तीन वाजता या. मी दुपारी तीनला गेले, शाळेत कुणी नाही. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. वर महिने तेरा, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा. वर्ष आपल्या मागे सात-आठ. मी वहीत दोन कॉलम आखले होते, आपली वेळ, त्यांची वेळ, ती वही अजून आहे माझ्याकडे.

इंजेरा म्हणून त्यांची आंबवलेली पोळी असते, टेफ नावाच्या बारीक धान्याची, ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आंबोळी म्हणूनच खाल्ली आणि तिथून मन जरा रमलं.

घशाचं: वर्ग गप्प करायला आवाज चढवायचा नाही गं. टाळी वाजवायची ठरावीक, एक-दोन, एक-दोन-तीन, मुलांनी तीच परत वाजवायची. दोन वेळा केलं की शांत होतात. आणि गरम पाणी, ज्येष्ठमध.

रानजाई

बाई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. घड्याळाचं नाही पण वर्षाचं इथेही आहे, फळ्यावर तारीख लिहिताना २०२५ लिहिलं तर मुलं म्हणतात नाही टीचा, २५६८. बौद्ध शक, आपल्यापुढे ५४३.

आणि तुम्ही शिक्षकांचं लिहिलंत म्हणून सांगते, मागच्या गुरुवारी शाळेत 'वाय ख्रू' झाला. ख्रू म्हणजे गुरूच. दरवर्षी बहुतेक शाळा हा जूनमध्ये गुरुवारी करतात, आणि इथे गुरुवारचं नावच बृहस्पतीवरून आहे. मुलं फुलांची तबकं करून आणतात आणि गुडघ्यांवर येऊन शिक्षकांना देतात. माझ्या पुढ्यात तबक आलं तर त्यात दूर्वा! मी नीट निरखून बघितल्या, आपण गणपतीला वाहतो त्याच. त्यांच्यात दूर्वा का, तर ती तुडवली तरी भराभर पसरते, तसं मुलाचं ज्ञान वाढावं. सोबत एक्झोराची फुलं, कळी सुईसारखी टोकदार असते म्हणून बुद्धी तशी व्हावी, आणि वांग्याचं फूल, ते खाली झुकलेलं असतं म्हणून नम्रता. वांग्याचं फूल मी पहिल्यांदाच इतकं जवळून बघितलं, जांभळं, मध्ये पिवळं. मला इथे येऊन महिना झालेला, मी त्या मुलांना काहीही शिकवलं नव्हतं अजून, आणि ती समोर वाकलेली. त्या दिवसापासून मी तयारीला दुप्पट वेळ देतेय.

पहिली_पायरी

ताई, मी सिंहगड रोडला राहते, बीएड करतेय, पूर्ण मराठी माध्यम. घरचे म्हणतात तुझं इंग्रजी ऐकून कोण घेणार तुला. जपान किंवा कोरियाला चान्स आहे का? आणि मी शाकाहारी आहे.

साकाईचा_सखा

जपानचं मी सांगतो, मी ओसाकाजवळ तीन वर्षं एएलटी होतो, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. जेट म्हणून त्यांच्या सरकारची योजना आहे १९८७ पासूनची, मी त्यातून नाही, कंपनीमार्फत गेलो. व्हिसासाठी माझ्याकडे बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले मागितले होते, त्यामुळे मराठी माध्यमवाल्यांना तो रस्ता अवघड जाईल, खोटी आशा दाखवत नाही.

अपेक्षेचं बोलायचं तर मला वाटलेलं मी शिकवणार. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे वर्गशिक्षकांवरच ताण आहे, आणि एका शाळेत माझं काम फक्त धडा मोठ्याने वाचणं, मुलं मागून म्हणणार. पहिले सहा आठवडे मी फार खिन्न होतो. मग लक्षात आलं की मुलं माझ्याशी बोलतात ती तासाला नाही, जेवताना आणि झाडताना. तिथे शिक्षक मुलांबरोबर वर्गातच जेवतात आणि जेवणानंतर सगळे मिळून शाळा साफ करतात. फडकं हातात घेऊन गुडघ्यांवर लाकडी जमीन पुसताना एका मुलाने मला विचारलं, इंडियात पाऊस किती दिवस पडतो. मोडक्या इंग्रजीत, पण स्वतःहून. त्यानंतर मी रोज पहिला फडकं उचलायचो.

कोरियाचं असं आहे की इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा एरवी सात इंग्रजीभाषक देशांच्याच लोकांना देतात, पण भारत-कोरियाचा सीईपीए हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, त्यात भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट आहे. त्याला शिक्षकाची पात्रता लागते. तुझं बीएड तिथे उपयोगी पडेल. जागा मोजक्या असतात, वकिलातीला थेट विचार, एजंटला नको.

रानजाई

पहिली_पायरी, घरच्यांचं मनावर घेऊ नकोस गं. एक सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, पहिल्या दिवशी म्हणाला 'माय नेम इज आय'. मला वाटलं वाक्य अडकलं. मी म्हटलं येस, युअर नेम इज? तो परत, 'आय'. तिसऱ्यांदा त्याने वहीचं कव्हर दाखवलं, लिहिलेलं आइस, बर्फ. इथे सगळ्यांना घरचं एक छोटं टोपणनाव असतं, बँक, फर्स्ट, गोल्फ असली इंग्रजीसुद्धा, आणि थाईत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही, तो गळतो नाहीतर त्याचा 'त' होतो. शेवटच्या 'ल'चा 'न' होतो, म्हणून स्कूलचं 'साकून'. तो 'सा' आपल्या 'इस्कूल'च्या जातीचाच, जोडाक्षर सोपं करायला स्वर, फक्त आपला आधी येतो आणि त्यांचा मध्ये.

ब्रिटिश सर म्हणाले ही मुलं आळस करतात शेवटच्या अक्षराला. मला माहीत होतं की आळस नाही, कारण पाचवीत माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळा निघत नव्हता आणि जीभ कुठे ठेवायची हे मला कुणीतरी दाखवावं लागलं होतं. ज्याच्या तोंडात भाषा जन्मापासून आहे त्याला ती कुठे अडते ते दिसत नाही. 'ए' आणि 'द'चंही तेच, मराठीत नाही, थाईतही नाही, मी कशी शिकले ते मला आठवतं, म्हणून शिकवता येतं. मी त्या मुलाला आयच म्हणते. नाव त्याचं आहे, घरी त्याला तसंच हाक मारतात. शेवटचा 'स' आम्ही बस, राइस, हाऊस यावर करतो, सापासारखा आवाज काढून.

जेवण: हा त्रास आहे. भाजीतसुद्धा माशाचं पाणी, नाम प्ला, घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधायचं, तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. नुसतं शाकाहारीला शब्द 'मांगसविरत', मांसविरती, पण त्यात अंडं चालतं असं धरतात. मी खोलीत छोटा कुकर आणलाय, मुगाची खिचडी आठवड्यातून चारदा.

बाई, टाळीचं केलं, पहिल्या दिवसापासून चाललं, घसा बराच सुधारला. आता अजून एक मागते, ४६ मुलं, साहित्य काही नाही, बाकं हलत नाहीत, असा एखादा खेळ सांगा ना.

कर्वेरस्त्याच्या_बाई

शिवाजी म्हणतो! आम्ही जिम्म्यातही खेळवायचो. जागेवर उभं राहूनच होतो, बाकं हलवायला नको. हात वर, कान पकडा, खाली बसा, क्रियापदं आपोआप होतात. मात्र दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायला सांगू नकोस, तिकडे डोकं पवित्र मानतात ना?

हडपसरचा_सुमित

बाई भारी. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रानजाई

हो बाई, डोकं दुसऱ्याचं नाहीच, आणि पायाने काही दाखवायचंही नाही, ते मी दोन्ही टाळलं.

आज दुसऱ्या तासाला खेळलो. शिवाजी कोण ते मी आधी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, किल्ला काढला, मुलांनी विचारलं तू तिथे गेलीयस का, म्हटलं हो, पायी, दीड तास लागतो चढायला. मग 'शिवाजी सेज टच युअर नोज'. दहा मिनिटांनी आय उभा राहिला, हात वर करून खुणेने विचारलं मी घेऊ का, आणि फळ्यापाशी आला. त्याला शिवाजी म्हणता येईना, सिवाची म्हणाला, आणि 'सेज'चा शेवट गिळला. पण ४५ मुलं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने सगळ्यांना खाली बसवलं, उभं केलं, बसवलं, उभं केलं, आणि घंटा झाली तरी थांबेना. उद्या त्याच वर्गाला तिसरा तास आहे, फर्स्ट आणि गोल्फने आत्तापासून नंबर लावलाय.